वाहनतळाचा आकार आणि सार्वजनिक भूमीचा खंड

आखातात नोकरीला निघालेल्या मुलाला निरोप देण्यासाठी गावाकडचे कुटुंब भाड्याच्या जीपने मुंबईच्या विमानतळावर येते, तेव्हा त्याचे निम्मे लक्ष घड्याळाकडे असते. कारण वाहनतळाचा आकार वेळेगणिक वाढत असतो. त्याच वाहनतळावर दोन दिवस मोटार ठेवून दिल्लीला जाणाऱ्या अधिकाऱ्याला ही चिंता नसते. त्याची पावती कंपनीच्या खर्चात जमा होते. तरीही हा सुखवस्तूंचा प्रश्न आहे असे समजून पुरोगामी कार्यकर्ते त्याकडे पाठ फिरवतात. ते योग्य नाही.

या विमानतळाचे २००६ मध्ये खाजगीकरण झाले. विमानतळ प्राधिकरणाकडे २६ टक्के भाग उरला आणि करारानुसार उत्पन्नातील ३८.७ टक्के वाटा त्याला मिळावयाचा ठरला. जुलै २०२१ मध्ये व्यवस्थापन अदाणी समूहाकडे गेले. चालक बदलले; भूमी मात्र जनतेचीच राहिली. आवाराच्या आत प्रवाशाला दुसरा पर्याय नसतो. तेथील आकारात इमारतीच्या भांडवलाचा मोबदला असतो, तसाच मोक्याच्या जागेचा खंडही असतो. खंड हे कोणाच्या श्रमाचे फळ नव्हे, हे रिकार्डोने १८१७ मध्येच दाखवून दिले होते. हा खंड मुंबई शहराच्या वाढीतून निर्माण झाला आहे.

आणि नियंत्रण? २००८ च्या कायद्याने आर्थिक नियामक प्राधिकरण निर्माण झाले. ते विमान उतरवण्याचे व प्रवाशांचे शुल्क ठरवते. परंतु मोटारींच्या वाहनतळाचे उत्पन्न ‘बिगर-वैमानिक’ या सदरात मोडते. त्या सदराच्या उत्पन्नापैकी केवळ ३० टक्के रक्कम प्रवाशांवरील बोजा कमी करण्यासाठी हिशेबात धरली जाते. जेथे मक्तेदारी सर्वांत उघड, तेथेच नियंत्रण सर्वांत सैल, असा हा प्रकार आहे.

मग सरसकट स्वस्त वाहनतळाची मागणी करावी काय? मुळीच नाही. वाहनतळ स्वस्त किंवा फुकट ठेवला, तर त्याची किंमत मोटार नसलेल्यांनाही मोजावी लागते, हे डोनाल्ड शूप या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने २००५ च्या आपल्या ग्रंथात सविस्तर मांडले आहे. एका मोटारीला, ये-जा करण्याची वाट धरून, सुमारे २५ ते ३० चौरस मीटर जागा लागते. मुंबईत पुनर्वसन होणाऱ्या झोपडपट्टीतील कुटुंबाला मिळणारे घर २७.८८ चौरस मीटरचे असते! विमानतळाच्या भूमीवरील हजारो कुटुंबे पुनर्वसनाची वाट पाहत असताना मोटारीला स्वस्त जागा मागणे, हा समाजवाद नव्हे.

मागणी वेगळी असली पाहिजे. वाहनतळाचे दर नियामकाच्या कक्षेत यावेत आणि जाहीर सुनावणीनंतरच ठरावेत. निरोप देणाऱ्यांना व आणायला येणाऱ्यांना थोड्या वेळेपुरती सवलत असावी. दिवसेंदिवस उभ्या राहणाऱ्या मोटारीला मात्र पूर्ण दर लावावा. हमाल, सफाई कामगार व सुरक्षा कर्मचारी यांच्या दुचाकींसाठी जागा, आणि टॅक्सी-रिक्षाचालकांसाठी सावली, पाणी व स्वच्छतागृह यांना अग्रक्रम मिळावा. मेट्रो-३ ची गाडी ७ ऑक्टोबर २०२४ पासून दोन्ही टर्मिनलांवर येऊ लागली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये ती कफ परेडपर्यंत पोहोचली, ही स्वागतार्ह गोष्ट होय. परंतु मेट्रो रात्री बंद असते, विमाने मात्र चालू असतात. ही पोकळी वाहनतळाच्या उत्पन्नातून रात्रीच्या बसगाड्या चालवून भरता येईल.

नवी मुंबईचा विमानतळ २५ डिसेंबर २०२५ रोजी प्रवाशांना खुला झाला. तेथील शेतकऱ्यांच्या जमिनीवर उद्या हाच खंड उभा राहणार आहे. रूढी पक्की होण्यापूर्वीच प्रश्न विचारला पाहिजे : वाहनतळाचा दर किती, एवढाच नव्हे, तर तो पैसा कोणाचा?