त्या आईचा अभिमान

आमच्या विहारात एक आई दर रविवारी आपल्या पाच वर्षांच्या स्वमग्न मुलाला घेऊन येते. तो बोलत नाही. परवा वंदनेला त्याने पहिल्यांदाच स्वतःहून हात जोडले. आई ज्याला त्याला सांगत सुटली. मागून कुणीतरी पुटपुटले, "मागच्या जन्माचे भोग!"

धम्म घेऊनही हे शब्द आपल्या तोंडी? मागच्या जन्माचे पाप आज भोगायचे, हा विचार बाबासाहेबांनी नाकारला. स्वमग्नता हा शाप नाही, आईचा दोषही नाही. गंडे-दोरे, अंगारे-धुपारे यांत पैसा जातो आणि मोलाची वर्षेही जातात.

दोन वर्षांचे मूल हाकेला वळत नसेल, दोन शब्द जोडून बोलत नसेल, तर अंगणवाडी ताईंना सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात तपासणी मोफत होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता आहे. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र असेल, तर ६ ते १८ वर्षे मोफत शिक्षण हा मुलाचा हक्क आहे.

मूल कमी नाही, हे त्या आईला कळले आहे. आता वस्तीला कळू द्या. पुढच्या रविवारी तिला पुढे बसवा.

जय भीम!