भोंगा कुणाचा खरा?

मुलांनो, सातपूरच्या औद्योगिक वसाहतीजवळ ज्यांचं लहानपण गेलं, त्यांना घड्याळाची फारशी गरज पडत नसे. भोंगे होते ना! सकाळचा भोंगा झाला की आई डबा भरायची घाई करायची आणि दुपारचा झाला की आम्ही दप्तर शोधायला लागायचो. गंमत अशी, की आमच्या घराच्या एका अंगाला एक कारखाना आणि दुसऱ्या अंगाला दुसरा, पण दोघांचे भोंगे कधी एकदम वाजले नाहीत. एकाचा झाला की दोन-तीन मिनिटांनी दुसऱ्याचा.

आमच्या शेजारी एक काका राहायचे. रेडिओवर बातम्यांच्या आधी पिप् पिप् वाजतं, त्यावर ते रोज आपलं मनगटी घड्याळ लावायचे. एकदा ते अगदी वेळेवर फाटकाशी पोहोचले, पण फाटकावरचं कार्ड पंच करायचं घड्याळ पुढे होतं. कार्डावर लाल शाईत उशीर उमटला आणि अर्ध्या दिवसाचा पगार कापला गेला. काकांनी आपलं घड्याळ दाखवलं, रेडिओची साक्ष काढली. उत्तर एकच मिळालं, "इथं हेच घड्याळ चालतं." त्या संध्याकाळी ते ओट्यावर बसून होते, कुणाशी बोलले नाहीत. बरोबर कोण होतं, हे मला तेव्हाही माहीत होतं. पण बरोबर असून उपयोग काय?

हे सगळं आठवलं ते परवा. माझा एक मित्र मोबाइलच्या टॉवरची यंत्रं बसवतो. त्रिंबक रस्त्याच्या आत एका इमारतीच्या गच्चीवर टॉवर आहे आणि खाली एका खोलीत त्याची यंत्रं. तिथे नवा राउटर बसवायचा होता. माझी आठवीतली भाची हट्टच धरून बसली, "मामा, मला पण बघायचंय." मित्रानं रीतसर परवानगी काढली आणि आम्ही गेलो.

राउटर म्हणजे नाक्यावरचा हवालदार. माहितीची लहान लहान पुडकी धावत येतात, त्यांच्यावरचा पत्ता वाचून कुणी कुठल्या रस्त्यानं जायचं ते हा सांगतो. दिसायला मात्र एक चपटा डबा. उंची जेमतेम साडेचार सेंटिमीटर, मागे पंखे, शेजारी बॅटऱ्यांची रांग. मित्रानं आधी मनगटाला एक पट्टा बांधला आणि त्याची वायर अर्थिंगला जोडली.

"काका, तुम्हाला शॉक बसू नये म्हणून?" भाचीनं विचारलं.

"उलटं! माझा शॉक याला बसू नये म्हणून. आपल्या अंगावर साठलेली वीज आपल्याला कळतही नाही, पण आतल्या नाजूक चिपा तेवढ्यानं जळतात."

डब्याच्या पुढच्या बाजूला बरीच भोकं होती. बहुतेक काचतंतूंच्या वायरींसाठी; तुमचे फोन, सिनेमे, गाणी सगळं तिथून जातं. पण एका कोपऱ्यात पाच-सहा भोकं निराळी होती. मित्र म्हणाला, "रस्त्यावरची गर्दी इथून जात नाही. ही भोकं या डब्याची काळजी घेण्यासाठी."

पहिलं भोक कॉन्सोलचं. नवा डबा म्हणजे जन्मलेलं बाळ. त्याला नाव नाही, पत्ता नाही. मग त्याच्याशी बोलायचं कसं? लॅपटॉपची वायर थेट कॉन्सोलला लावून. इथे बोलणं फार सावकाश चालतं, सेकंदाला ९६०० बिट. एका अक्षराला पुढच्या-मागच्या खुणांसकट १० बिट लागतात, म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरं. दोन्ही बाजूंचा वेग एकच ठरवलेला नसेल तर पडद्यावर नुसती वेडीवाकडी चिन्हं दिसतात. मित्रानं मुद्दाम चुकीचा वेग लावून दाखवला, तेव्हा भाची म्हणाली, "डॉक्टरांचं अक्षर!"

शेजारीच हुबेहूब तसंच चौकोनी भोक होतं, मॅनेजमेंटचं. वायरीचं टोक दोन्हीकडे अगदी बरोबर बसतं, आणि नवी माणसं इथंच फसतात. भोक तेच म्हणून वायर तीच, असं नसतं. हे दुसरं भोक दूरच्या ऑफिसातून डब्याची विचारपूस करण्यासाठी. ताप किती, पंखे चालू आहेत का, कुठली वायर तुटली, सगळं तिथून कळतं.

"पण ऑफिसातून येणारी ही वायर याच राउटरमधून आली असेल तर?" भाचीनं विचारलं.

मित्र माझ्याकडे बघून हसला. "तुझी भाची माझ्या हाताखाली दे. मोठमोठ्यांना पडला नाही तो प्रश्न हिला पडला."

४ ऑक्टोबर २०२१ ची रात्र आठवते? घरात आईबाबांना विचारा. रात्री नऊच्या सुमाराला व्हॉट्सअ‍ॅप, फेसबुक, इन्स्टाग्राम सगळं एकदम बंद पडलं आणि सहा तासांहून जास्त वेळ बंद राहिलं. झालं होतं असं, की देखभालीच्या कामात एक चुकीची आज्ञा दिली गेली आणि फेसबुकच्या यंत्रशाळा एकमेकींपासून तुटल्या. दुरून दुरुस्त करायला जावं, तर दुरुस्तीची वेगळी वाटही चालेना. शेवटी इंजिनिअरांना प्रत्यक्ष यंत्रांपाशी पाठवावं लागलं. तिथे पहारा इतका कडक, की आत शिरण्यातच वेळ गेला! आपलं निदान व्हॉट्सअ‍ॅपच अडलं. पुढच्या वर्षी ८ जुलैला कॅनडात रॉजर्स कंपनीचं जाळं असंच कोसळलं, तेव्हा अनेकांना मदतीचा ९११ नंबरसुद्धा लागेना. तिथेही दुरुस्तीची वाट मुख्य रस्त्यावरच अवलंबून होती. ज्या फांदीवर बसायचं तीच तोडायची, त्यातला प्रकार. म्हणून मागचं दार वेगळ्या गल्लीत उघडणारं हवं.

आता उरलेली तीन भोकं. खरं सांगतो, मी गेलो होतो ती यांच्यासाठीच. कारण ती घड्याळाची होती.

गच्चीवर एक पांढरी मशरूमसारखी टोपी बसवली होती. ती जीपीएसचा अँटेना. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह सतत वेळ सांगत असतात. त्यांच्यात अणुघड्याळं आहेत. टोपीला उघडं आभाळ दिसलं पाहिजे. आधी निदान चार उपग्रह सापडावे लागतात, कारण त्याशिवाय आपण कुठे आहोत ते कळत नाही. एकदा जागा पक्की झाली, की वेळेसाठी एकही पुरतो. टोपीतून वायर खाली येते आणि वाटेत विजेपासून रक्षण करणारी एक डबी लागते. पावसाळ्यात गच्चीवरच्या उंच वायरीला ती हवीच.

खाली एका यंत्रातून तीन वायरी निघून राउटरला जातात. तीन कशाला? नाशिक ढोल ऐकलाय ना? मग सोपं आहे. ताशाची तर्री अखंड चालू असते, ती पहिली वायर. तिच्यातून सेकंदाला १ कोटी ठोके येतात. ढोलाचा दणदणीत ठोका, ती दुसरी वायर, दर सेकंदाला एकच ठोका, "आत्ता!" असं सांगणारा. पण आत्ता म्हणजे किती वाजले? ते ढोलाला सांगता येत नाही. पथकाच्या पुढे उभा असलेला म्होरक्या बोटं दाखवून कितवं आवर्तन ते सांगतो, ती तिसरी वायर. तारीख, तास, मिनिट, सेकंद तिच्यातून येतं. तर्रीशिवाय चाल डगमगते, ठोक्याशिवाय सम सापडत नाही आणि म्होरक्या नसला तर सगळे तालात, पण चुकीच्या जागी!

"वायर लांब असली तर ठोका उशिरा पोहोचेल की," भाची म्हणाली.

पोहोचतोच. अशा वायरीतून एक मीटर जायला सुमारे ५ नॅनोसेकंद लागतात. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग. वायर ३० मीटर होती, म्हणजे उशीर १५० नॅनोसेकंद. मित्रानं तो आकडा यंत्रात भरला. मग यंत्र तेवढा ठोका आधी देतं. आणखी एक खोच आहे. पृथ्वीचं फिरणं थोडं मागेपुढे होतं म्हणून जगाच्या घड्याळात अधूनमधून एक सेकंद घातला जातो. शेवटचा घातला तो आपल्याकडे १ जानेवारी २०१७ च्या पहाटे साडेपाचला. तेव्हा तुमच्यातले काही जन्मलेही नव्हते. जीपीएस मात्र हे जादा सेकंद मोजत नाही, म्हणून ते १८ सेकंद पुढे आहे. ते वजा करायला विसरलात, तर अणुघड्याळ असूनही तुम्ही १८ सेकंद चुकीचे.

एवढी कटकट कशासाठी? कित्येक ४जी आणि ५जी टॉवर एकाच लहरीवर आळीपाळीनं बोलतात आणि ऐकतात. शेजारचे दोन टॉवर एकाच वेळी बोलले आणि एकाच वेळी ऐकायला लागले तर ठीक. एक ऐकत असताना दुसरा बोलला, तर तुमच्या फोनचा बारीक आवाज त्यात बुडून जातो. वर्गात नाही का, बाई उत्तर ऐकत असतात आणि शेजारच्या वर्गात पाढे सुरू होतात! म्हणून अशा टॉवरांना खऱ्या वेळेपासून दीड मायक्रोसेकंदाहून जास्त हलायची मुभा नाही. तेवढ्यात प्रकाशसुद्धा ४५० मीटरच जातो. दिवसाला एक सेकंद चुकणारं तुमचं साधं क्वार्ट्झ घड्याळ ही मुभा सेकंदाच्या आठव्या हिश्शातच संपवून टाकेल.

अँटेना बिघडला तर? राउटरच्या पोटात एक चांगलं घड्याळ असतं, ते तेवढ्यापुरतं काम चालवतं. त्याची चूक हजार कोटीत एक भाग इतकी धरली, तर दीड मायक्रोसेकंद व्हायला चार तासांहून थोडा जास्त वेळ लागतो. तेवढ्या वेळात कुणीतरी गच्चीवर चढलं पाहिजे. २०१५ च्या सिंहस्थात याच रस्त्यानं त्रिंबकेश्वरला माणसांचा पूर लोटला होता आणि २०२७ चा सिंहस्थ ठरलेला आहे. त्या गर्दीत आई हरवलेल्या पोराचा फोन लागायला हवा असेल, तर चार तासांचा हिशेब आधीच मांडून ठेवलेला बरा.

आपल्या देशाची वेळ दिल्लीतली राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा सांभाळते, सीझियमच्या घड्याळांवर. सीझियमच्या अणूची ९,१९,२६,३१,७७० कंपनं झाली की एक सेकंद. १९६७ पासून जगभर हीच व्याख्या आहे. आपल्या पहिल्या दिशादर्शक उपग्रहांत बसवलेली घड्याळं परदेशी होती आणि त्यातल्या पहिल्या उपग्रहाची तिन्ही बंद पडली. पुढे २९ मे २०२३ ला गेलेल्या एनव्हीएस-०१ मध्ये इथं बनवलेलं रुबिडियमचं घड्याळ बसवलं. याचा मला स्वतःला फार आनंद झाला.

निघताना भाचीनं पडद्याकडे बोट दाखवलं. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला वेळ छापलेली होती. कोणती वायर केव्हा लावली, कुणी केव्हा आत आलं, सारं काही. "हे कशाला लिहून ठेवतात?"

"भांडण झालं तर कळायला," मित्र म्हणाला. १४ ऑगस्ट २००३ ला अमेरिका आणि कॅनडात सुमारे ५ कोटी लोकांची वीज गेली. आधी काय बिघडलं ते शोधायला तज्ज्ञ बसले, तर नोंदी करणाऱ्या कितीतरी यंत्रांची घड्याळं एकमेकांशी जुळत नव्हती! कोणती घटना आधी नि कोणती नंतर, हे लावण्यातच त्यांची खूप मेहनत गेली. आपल्याकडेही २८ एप्रिल २०२२ ला सरकारनं आदेश काढला, की संगणकांची घड्याळं सरकारी वेळेशी किंवा भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळलेली हवीत.

मी भाचीला शेजारच्या काकांची गोष्ट सांगितली. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "मामा, त्यांना तो अर्धा पगार परत मिळाला का रे?"

नाही मिळाला.

आता तुमच्यासाठी एक काम. अंगणात किंवा गच्चीवर एक काठी सरळ उभी करा आणि दुपारी बारापासून दर पाच मिनिटांनी तिच्या सावलीच्या टोकाशी खूण करा. सावली सगळ्यात आखूड बाराला होईल असं वाटतं ना? सातपूरला ती सरासरी १२ वाजून ३५ मिनिटांनी होते. भारताची वेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशाची, सातपूर जवळजवळ पावणेचौऱ्याहत्तरवर, आणि दर अंशाला चार मिनिटं. वर्षभरात ही वेळ पंधरा-सोळा मिनिटांपर्यंत मागेपुढे होते, तेव्हा तारीखही लिहून ठेवा. नकाशात आपल्या गावाचा रेखांश शोधून आधी उत्तर काढा, मग सावली मोजा. दोन्ही आकडे आम्हाला कळवा. आणि हो, घड्याळ आधी लावून घ्या!