मुलीचं पोट वारंवार दुखतंय?

दहावीतली मुलगी पोट दुखतंय म्हणाली की तुम्ही ओवा देता, बाहेरचं खाणं बंद करता किंवा पाळीचं दुखणं असेल म्हणता. बहुतेक वेळा ते खरंही असतं. पण पोटाच्या वरच्या भागातलं दुखणं आठवडे उलटले तरी थांबत नसेल, दोन घासांत पोट भरत असेल किंवा हाताला गाठ लागत असेल, तर सोनोग्राफी करून घ्याच.

मुलांमध्ये स्वादुपिंडाची गाठ दुर्मीळ आहे. नाव ऐकून धस्स होतं, पण मोठ्यांच्या स्वादुपिंडाच्या कर्करोगाहून ती बहुधा वेगळी असते. किशोरवयीन मुलींमध्ये जास्त दिसणाऱ्या गाठीला ‘सॉलिड स्यूडोपॅपिलरी’ म्हणतात. डॉ. व्हर्जिनिया फ्रांट्झ यांनी १९५९ मध्ये तिचं वर्णन केलं. ती सावकाश वाढते आणि शस्त्रक्रियेने पूर्ण निघाली तर १० पैकी ९ हून अधिक रुग्ण बरे होतात. लहान मुलांमधल्या ‘पॅन्क्रिॲटोब्लास्टोमा’ला मात्र अनेकदा केमोथेरपीही लागते.

उपाशीपोटी घाम, थरथर, भोवळ किंवा झटके येत असतील तर रक्तातली साखर तपासा. इन्सुलिन बनवणारी गाठही याला कारण असू शकते.

शस्त्रक्रियेत प्लीहा काढावी लागली तर कोणत्या लसी द्यायच्या, हे डॉक्टरांना आधीच विचारा. आणि ‘पोटावर व्रण राहिला तर लग्न कसं जमणार?’ म्हणून तारीख पुढे ढकलू नका. व्रण कपड्याखाली झाकला जातो, वाढणारी गाठ मात्र थांबत नाही.