मांजराला पुन्हा पुन्हा होणारा लघवीचा त्रास

उरणपासून श्रीवर्धनपर्यंत किनाऱ्यावरच्या वस्त्यांत मांजर नाही असे घर शोधावे लागेल. कोणी हौसेने पाळलेले असते, कोणी मासळीच्या वासाने येऊन राहिलेले असते. उंदरांसाठी म्हणून ठेवून घेतलेले मांजर हळूहळू मुलांचे होऊन जाते. अशा घरांतून एक तक्रार नेहमी ऐकू येते. मांजर अंथरुणात, कपड्यांच्या गाठोड्यावर, चुलीच्या कोपऱ्यात लघवी करू लागले. मग त्याला चोप बसतो. तरी थांबले नाही की पिशवीत घालून मासळी बाजारात सोडून येतात. बंधू-भगिनींनो, तसे करण्याआधी एक गोष्ट समजून घेऊ या. पुष्कळदा ही खोडी नसते, दुखणे असते. आणि ते दुखणे पुन्हा उलटू नये म्हणून जे करायचे, त्याला पैसा फारसा लागत नाही.

ओळखायचे कसे?

मांजर दर थोड्या वेळाने लघवीला बसते, जोर करते, पण दोन-चार थेंबच होतात. कधी लघवीत रक्त दिसते. बसल्यावर ओरडते. मागच्या बाजूला सारखे चाटत राहते. नेहमीची जागा सोडून थंड लादीवर किंवा मऊ कपड्यावर करते, कारण नेहमीच्या जागी त्याला दुखल्याची आठवण झालेली असते. बोका शेपटी ताठ करून उभ्यानेच भिंतीवर शिंतोडे उडवतो, ती गोष्ट वेगळी. ती हद्द आखण्याची सवय आहे, आजार नव्हे.

आता सगळ्यांत महत्त्वाचे. बोका जोर करतो आहे आणि लघवी अजिबात होत नाही, असे दिसले तर सकाळची वाट पाहू नका. बोक्याची लघवीची नळी फार अरुंद असते. खडे किंवा चिकट साका अडकून ती बंद होते. मग अंगातली घाण रक्तात साचते, पोटॅशियम वाढते, आणि एक-दोन दिवसांत हृदय बंद पडून बोका दगावतो. उलट्या होणे, खाणे सोडणे, गळून पडून राहणे ही पुढची लक्षणे होत. पुष्कळ जण जोर करताना पाहून बद्धकोष्ठ झाले असे समजतात आणि एरंडेल पाजतात. त्यात वेळ जातो. पोट दाबून लघवी काढण्याचा प्रयत्नही करू नये, फुगलेली पिशवी फुटू शकते. भाटीची नळी रुंद असल्याने तिची अशी कोंडी क्वचितच होते, पण त्रास तिलाही होतो.

आजार परत का येतो?

पुष्कळांचा अनुभव असा, की मांजराला त्रास झाला, कोणी सांगितलेला काढा दिला, आठवड्यात बरे वाटले. महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा तेच. याचे कारण असे की तरुण मांजरांत बहुतेक वेळा लघवीच्या पिशवीला सूज असते, पण तिच्यामागे जंतू सापडत नाहीत. ही सूज बऱ्याचदा आठवडाभरात आपोआप उतरते. गुण काढ्याने आला असे आपल्याला वाटते, मूळ कारण मात्र तसेच राहते. जंतुसंसर्ग मुख्यतः म्हाताऱ्या मांजरांत आढळतो. म्हणून घरात उरलेल्या अँटिबायोटिक गोळ्या मांजराला देण्यात अर्थ नाही. आणि दुखते म्हणून पॅरासिटामॉल तर कधीच देऊ नये. माणसाची ही साधी गोळी मांजराचा जीव घेते.

दुसरे कारण खड्यांचे. एका प्रकारचे खडे डॉक्टरांनी सांगितलेल्या खास आहाराने विरघळतात, दुसऱ्या प्रकारचे विरघळत नाहीत, ते काढावेच लागतात. कोणते आहेत हे लघवी तपासून आणि फोटो काढून कळते. विरघळणाऱ्या खड्यांचे पथ्य त्रास थांबताच सोडले तर खडे पुन्हा धरतात. डॉक्टर सांगतील तोपर्यंत ते चालू ठेवावे.

पाणी हेच औषध

मांजराचा मूळपुरुष वाळवंटी मुलखातला रानमांजर. त्याला तहान कमी, आणि लघवी घट्ट करून पाणी वाचवण्याची ताकद मोठी. उंदराच्या अंगातच सुमारे ७० टक्के पाणी असते, म्हणून शिकारीवर जगणाऱ्या मांजराला वेगळे पाणी फारसे लागत नाही. आपण त्याला कोरडे खाऊ घातले की तो हिशेब चुकतो. ते वाटीभर पाणी पिऊन तूट भरून काढत नाही. लघवी घट्ट होते, पिशवीला झोंबते, क्षार साचतात.

१९९९ साली ४६ आजारी मांजरांवर केलेली एक पाहणी प्रसिद्ध झाली. वर्षभरात ओले अन्न खाणाऱ्या १८ पैकी २ मांजरांना आजार उलटला. कोरडे खाणाऱ्या २८ पैकी ११ मांजरांना उलटला. दुकानातल्या कोरड्या दाण्यांना जे लागू, ते आपल्या सुक्या मासळीलाही लागू आहे. ओला बोंबील म्हणजे बहुतेक पाणीच. तोच वाळवला की पाणी जाते आणि मीठ व क्षार उरतात. जवळा, सुकट, सोडे यांचेही तसेच.

आता आपल्या किनाऱ्याचे वर्ष पाहा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. ताजी मासळी मिळत नाही, मग घराबरोबर मांजरही सुक्यावर येते. त्याच वेळी बाहेर धो धो पाऊस. अंगण चिखलाने भरलेले, रेती भिजलेली. मांजर बाहेर जायला तयार नसते, ते लघवी दाबून धरते. म्हणजे पाणी कमी, लघवी तुंबलेली आणि दिवसभर कोंडून पडणे, अशा तिन्ही गोष्टी एकदम येतात. ज्या घरात हा आजार एकदा होऊन गेला आहे, तिथे जूनच्या आधीच तयारी करावी.

घरी काय करावे?

सुकी मासळी रोजचे जेवण म्हणून देऊ नये. बंदीच्या दिवसांत द्यावीच लागली तर चांगली धुऊन, पाण्यात भिजवून, ते खारे पाणी टाकून, नव्या पाण्यात शिजवून थोडीशी द्यावी. त्याऐवजी उकडलेले अंडे किंवा कोंबडीचे तुकडे भरपूर पाण्यासह दिले तर उत्तम. ताजी मासळी शिजवून, काटे काढून, तिच्याच पाण्यासकट द्यावी. मीठ, मिरची, कांदा, लसूण घालण्याआधीच मांजराचा वाटा बाजूला काढावा. कांदा-लसूण मांजराला विषारी आहेत. नुसत्या भातावर मांजर जगत नाही, पण मासळीच्या पाण्यात भात सैल कालवून थोडा दिला तर चालतो. दुकानातले दाणे देत असाल तर त्यांतही पाणी घालावे. दूध म्हणजे पाणी नव्हे. पुष्कळ मोठ्या मांजरांना त्याने जुलाब होतात.

पाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी ठेवावीत. ती पसरट असावीत, जेवणापासून दूर असावीत, पाणी रोज बदलावे.

लघवीसाठी जुने घमेले किंवा पत्र्याची परात घेऊन त्यात कोरडी रेती भरावी. पावसाळ्यासाठी एक-दोन पोती रेती मे महिन्यातच पडवीत भरून ठेवली तर सोयीचे. घमेले वर्दळीपासून दूर, शांत कोपऱ्यात असावे. घाण रोज काढावी. दोन मांजरे असली तर घमेली तीन ठेवावीत, म्हणजे एकाने दुसऱ्याला अडवले तरी जागा उरते.

या आजाराचा भीतीशी आणि ताणाशीही संबंध आहे. अमेरिकेत ओहायो स्टेट विद्यापीठातील डॉ. टोनी बफिंग्टन आणि सहकाऱ्यांनी २००६ साली दाखवून दिले, की घरातल्या मांजरांना लपायला जागा, चढायला उंचवटा, खेळ आणि माणसांचा सहवास मिळाला की हा त्रास कमी होतो. दहा महिने त्यांनी ती मांजरे नजरेखाली ठेवली होती. आपल्या एका खोलीच्या घरातही हे जमते. माळ्यावर एक गोणपाट, खाटेखाली एक खोका, संध्याकाळी मुलांनी दोरीने दहा मिनिटे खेळवणे, एवढे पुरे. मारणे मात्र बंद करावे. माराने भीती वाढते आणि भीतीने आजार वाढतो.

डॉक्टरांची चौकशी आधीच करा

आपल्याकडचे बरेच पशुवैद्यकीय दवाखाने मुख्यतः गाई-म्हशी, शेळ्यांसाठी चालतात. बोक्याची नळी मोकळी करण्याची सोय कोठे आहे, रात्री कोण भेटते, हे आधीच विचारून फोन नंबर भिंतीवर लिहून ठेवा. मुंबईत परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट जनावरांचे रुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून आहे. भाऊच्या धक्क्याहून मांडव्याला २०२० सालापासून रो-रो बोटही सुरू झाली. पण मुरूड-श्रीवर्धनहून तिथवर पोचणे, तेही पावसात, सोपे नाही. नळी तुंबल्यावर तास मोजावे लागतात. नळी घालणे, सलाईन, दोन-तीन दिवस दाखल ठेवणे हा खर्च हातावर पोट असलेल्या घराला झेपत नाही, आणि मग डोळ्यांदेखत जनावर जाते. पाण्याची दोन भांडी आणि रेतीचे घमेले त्यापेक्षा कितीतरी स्वस्त.

दुखणारे मांजर धरताना चावू शकते. त्याला जाड कापडात गुंडाळून झाकणाच्या टोपलीतून न्यावे. चावलेच तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुऊन लगेच सरकारी दवाखान्यात जावे.

घरातल्या एकाने, शाळेतल्या मुलानेसुद्धा, हे काम अंगावर घ्यावे. रोज घमेले साफ करताना रेतीचे ओले गोळे किती झाले ते पाहावे. गोळे लहान आणि पुष्कळ दिसले तर डॉक्टरांना दाखवावे. एकही दिसला नाही आणि बोका जोर करतो आहे, तर त्याच घटकेला टोपली उचलावी. मुके जनावर स्वतःहून सांगत नाही, ते आपल्यालाच पाहावे लागते.