पायाआधी आराखडा

वास्तुविशारदाने नकाशा हाती दिला की त्याचे काम संपले, असा अनेकांचा समज असतो. वस्तुतः त्याची खरी जबाबदारी तेथून सुरू होते. सिडनीचे ऑपेरा हाऊस या सत्याची साक्ष देत उभे आहे.

१९५७ साली जागतिक स्पर्धेतील २३३ प्रवेशिकांमधून डेन्मार्कचे वास्तुविशारद यॉर्न उत्झन यांची कल्पना निवडली गेली. अंदाजित खर्च होता ७० लाख ऑस्ट्रेलियन डॉलर, तर मुदत १९६३ पर्यंतची. छताच्या शिंपल्यांसारख्या कवचांचे गणित सुटलेले नव्हते. तरीही शासनाच्या घाईमुळे १९५९ मध्ये बांधकाम सुरू झाले. पुढे छताचा भार निश्चित झाला, तेव्हा आधीचे स्तंभ अपुरे ठरले आणि नव्याने उभारावे लागले.

१९६१ च्या सुमारास उत्झन यांना उत्तर गवसले. सर्व कवचे एकाच गोलाच्या पृष्ठभागातून घ्यावयाची! वक्रता समान झाल्याने त्यांचे भाग साच्यात ओतून जोडता आले. परंतु १९६५ मध्ये सत्ताबदल झाला, खर्चावरून वाद पेटला आणि उत्झन यांचे मानधन अडले. १९६६ मध्ये त्यांनी राजीनामा देऊन देश सोडला. अंतर्भाग इतरांनी पूर्ण केला. १९७३ मध्ये उद्घाटन झाले, तोवर खर्च १० कोटी २० लाख डॉलरवर पोहोचला होता.

घर लहान असो वा मोठे, क्रम तोच असतो. प्रथम गरजा आणि ऐपत यांचा मेळ, मग माती परीक्षण, सविस्तर नकाशे, अंदाजपत्रक आणि मंजुरी, त्यानंतरच पाया. बांधकाम चालू असता वास्तुविशारद जागेवर येऊन काम तपासतो, ठेकेदाराचे देयक मोजमापाशी ताडून पाहतो आणि भोगवटा प्रमाणपत्र मिळेपर्यंत साथ देतो. गृहकर्जाचा हप्ता देण्यापूर्वी बँकही काम कितपत झाले याची खातरजमा करते, ती याचसाठी. त्याच्या मानधनात केलेली काटकसर पुढे भिंती पाडण्यात खर्ची पडते.

१९९९ मध्ये सिडनीने उत्झन यांना भावी बदलांच्या मार्गदर्शनासाठी पुन्हा विनंती केली आणि त्यांनी ती स्वीकारली. २००८ मध्ये त्यांचे निधन झाले. आपली पूर्ण झालेली वास्तू मात्र त्यांनी प्रत्यक्ष कधीच पाहिली नाही.