‘काढून टाका’ची घाई नको

स्पायवेअर शोधणारे सॉफ्टवेअर कधी कधी निरपराध फाइललाच चोर ठरवते. याला ‘फॉल्स पॉझिटिव्ह’ म्हणतात. सॉफ्टवेअर अजून बीटा, म्हणजे चाचणीच्या टप्प्यात असेल तर हा धोका अधिक.

फेब्रुवारी २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या ‘विंडोज अँटीस्पायवेअर’ने, जे तेव्हा बीटामध्येच होते, सिमँटेकच्या कार्यालयीन अँटीव्हायरसच्या रजिस्ट्रीतील नोंदींना पासवर्ड चोरणारा ‘बँकोस’ ट्रोजन ठरवले. ज्यांनी विश्वासाने ‘रिमूव्ह’ दाबले, त्यांच्या नोंदी पुसल्या गेल्या आणि राखणदारच बंद पडला. चूक नव्या ओळखयादीत होती. मायक्रोसॉफ्टने सुधारित यादी दिली. पण यादी सुधारल्याने पुसलेल्या नोंदी परत येत नाहीत.

म्हणून इशारा दिसताच ‘डिलीट’ नको, ‘क्वारंटाइन’ निवडावे. फाइल तिथे बंदिस्त राहते आणि निर्दोष ठरली तर परत आणता येते. ती कुठल्या फोल्डरमधली, कोणत्या कंपनीची, हे पाहावे. यादी अपडेट करून पुन्हा स्कॅन करावे. व्हायरसटोटलवर इतर इंजिनांचे मत मिळते (तिथे खासगी कागदपत्रे मात्र चढवू नयेत). एकाच इंजिनाने बोट दाखवले असेल तर शंकेला जागा आहे. तरी खात्रीआधी फाइल ‘सुरक्षित’ यादीत टाकू नये, खरे स्पायवेअरही असेच सुटते.

आणि चुकीचा इशारा कंपनीला कळवावा. बीटा वापरणारे गप्प बसले, तर तीच चूक अंतिम आवृत्तीत सगळ्यांच्या वाट्याला येऊ शकते.