अंगठा उमटत नाही तेव्हा

मध्यंतरी झारखंडमधील एका गावी शासकीय दौऱ्यावर असताना रेशन दुकानापाशी काही वेळ थांबलो होतो. एक वृद्धा ई-पॉस यंत्रावर बोट टेकवीत होती. पदराला पुसून चार वेळा टेकवले, तरी यंत्राने तिला ओळखले नाही. दुकानदार सौम्यपणे म्हणाला, "मशीन घेत नाही माई, परवा या." ती निमूटपणे परतली. कोणी लाच मागितली नाही, कोणी उद्धटपणे बोलले नाही. तरीही तिच्या हक्काचे धान्य तिला मिळाले नाही.

तिला नकार दिला कोणी?

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यास कल्याणकारी योजनांतील दोन चुका शिकविल्या जातात : अपात्रास लाभ देणे आणि पात्रास वगळणे. आम्हां प्रशासकांना पहिल्या चुकीची धास्ती. ती टाळून वाचलेल्या रुपयांचे आकडे आम्ही अभिमानाने मिरवतो. दुसरीचा हिशेब मात्र तितक्या ठळकपणे मांडीत नाही. २०१६-१७ च्या आर्थिक पाहणीत आधार-पडताळणी अयशस्वी होण्याचे अंदाज नमूद होते : गुजरातसाठी ६ टक्के, राजस्थानसाठी ३७, झारखंडसाठी ४९. ते आकडे जुने झाले, प्रश्न जुना झालेला नाही. आयुष्यभर माती-दगड उपसलेल्या हातांच्या रेषा झिजतात, आणि स्वस्त धान्याची गरज नेमकी त्याच हातांना असते.

मी यंत्राचा विरोधक नाही. 'एक देश, एक रेशनकार्ड' योजनेमुळे परराज्यात गेलेल्या मजुरास तेथेच धान्य मिळू लागले, ते याच पडताळणीच्या बळावर. गाव सोडून राहणाऱ्या आपणां वाचकांना त्याचे मोल सांगावयास नको. माझा आक्षेप जबाबदारी यंत्रावर ढकलण्यास आहे.

कायदा तर स्पष्ट आहे. २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने बजावले की, केवळ पडताळणी फसली म्हणून पात्र व्यक्तीस लाभ नाकारता येणार नाही. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायदा, २०१३ च्या कलम ८ नुसार धान्य न मिळाल्यास अन्नसुरक्षा भत्ता देय ठरतो. परंतु नकाराची नोंदच नसेल, तर त्या वृद्धेने भत्ता मागावा कोणत्या कागदावर? पूर्वी कारकून अर्ज फेटाळीत असे, तेव्हा खाली त्याची सही असे व त्या सहीविरुद्ध अपील करता येई. "परवा या" या शब्दांविरुद्ध अपील कोठे करावे?

म्हणून माझी मागणी साधी आहे. पडताळणी फसताच यंत्रातून स्थानिक भाषेत पावती निघावी. तीवर तारीख, कारण आणि जबाबदार अधिकाऱ्याचे पदनाम असावे. धान्य त्याच दिवशी नोंदवहीवर द्यावे. ओळख सिद्ध होत नसेल, तर ती पटवून घेण्याचे कष्ट शासनाने सोसावेत. उपाशी माणसास हेलपाटे घालावयास लावू नये. पगार त्या वृद्धेस नव्हे, आम्हांस मिळतो.